पाऊस कोरणारी माणसं : हिरोशिगे, होकुसाई आणि जपानी ठसाचित्रं

तिरपी_सर

मंडळी, मागे फसवणुकीच्या किश्शांच्या धाग्यावर "जपानमधला माझा किस्सा सवडीने टंकते" असं लिहून मी पळून गेले होते. सवड आज मिळाली. किस्सा तसा दोन परिच्छेदांत संपतो, पण त्याच्या पुढचं प्रकरण लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी कावासाकीला राहते, तोक्यो आणि योकोहामाच्या मधे. तीन वर्षांपूर्वी एका देवळाच्या आवारात भरलेल्या जुन्या बाजारात एक चित्र दिसलं. चढणीचा रस्ता, तिरपा पाऊस, मागे वाऱ्याने वाकलेलं बांबूचं बन, तेही नुसत्या करड्या सावल्यांचं. दोन भोई डोली घेऊन चढ चढतायत, समोरून एक जण छत्रीत डोकं खुपसून उतारावर पळत सुटलाय. गवताचं इरलं पांघरलेला एक शेतकरीही आहे. लोणावळ्याचा पाऊस बघत वाढलेल्या माणसाला अशा चित्रापुढून हलता येत नाही. विक्रेत्याने "हिरोशिगे, जुनं आहे" म्हटलं (हिरोशिगे म्हणजे एकोणिसाव्या शतकातला जपानी चित्रकार), मी सहा हजार येन मोजले आणि फ्रेम काखोटीला मारून घरी आले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांनी चित्र पाहिलं, काही बोलल्या नाहीत, घरात गेल्या आणि भिंग घेऊन आल्या. भिंगाखाली पावसाची रेघ रेघ राहिलीच नाही. लाल, निळे, पिवळे, काळे ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. मागची बाजू गुळगुळीत पांढरी. बहुतेक कॅलेंडरचं पान असावं. मग आजींनी त्यांच्याकडचं एक चित्र काढलं, तेही नवंच, पण लाकडी ठशांवरून हाताने छापलेलं. त्याच भिंगाखाली रंग सलग होता आणि कागदाच्या तंतूंमध्ये मुरलेला. आजींनी कागद उलटा केला तर पाठीमागे सगळं चित्र पुसटसं उमटलेलं, जिथे दाब पडला तिथे गोल गोल घासल्याच्या खुणा.

त्या खुणांमुळे मी या नादाला लागले.

आपण सहज म्हणतो "हिरोशिगेचं चित्र". पण हिरोशिगेने कागदावर काढलेलं मूळ चित्र आता कुठेही नसतं. चित्रकार पातळ कागदावर फक्त काळ्या रेघांचा आराखडा करायचा. तो कागद डोंगरी चेरीच्या फळीवर उलटा चिकटवायचे आणि कोरणारा त्याच्यावरूनच कोरत जायचा. कोरून झालं की मूळ रेखाटन भुशात गेलेलं असायचं. मग त्या रेघांच्या ठशावरून काही प्रती काढायच्या, कुठे कोणता रंग ते चित्रकाराने त्यांवर सांगायचं आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरायचा. पुढे छपाईवाला. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर प्रकाशक, ज्याचे पैसे अडकलेले. म्हणजे चार माणसं. त्यातल्या एकाचंच नाव आपल्या तोंडी.

आता पाऊस. ठशावर जो भाग उंच राहतो तोच छापला जातो. म्हणजे पावसाची एक रेघ हवी असेल तर रेघ कोरायची नाही, रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं आणि केसाएवढी वरंबी उभी ठेवायची. अशा शेकडो, सगळ्या एका कलाने. एक तुटली की संपलं. मी हे वाचलं होतं, पण छपाईच्या एका छोट्या कार्यशाळेत खरा ठसा हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं, तेव्हा कंगव्यासारखं लागलं आणि पोटात गोळा आला.

कोरायला अर्थातच आम्हाला कोणी दिलं नाही. पोस्टकार्डाएवढा तयार ठसा, त्यावर डोंगर आणि आभाळ. काम एकच: आभाळ वर गडद निळं आणि खाली येताना विरत पांढरं. याला बोकाशी म्हणतात. मला वाटायचं हे ठशातच कुठेतरी कोरलेलं असेल. छे! ठसा सपाटच असतो. ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं, ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग घ्यायचा, दुसरा कोपरा पाण्याचा, आणि डावी-उजवीकडे फिरवत रंग पाण्यात विरू द्यायचा. मग ओलसर कागद ठेवायचा आणि बारेनने घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सोपटात गुंडाळलेली तळहाताएवढी चकती, आत सोपटाच्याच पिळलेल्या दोरीचं वेटोळं. प्रत्येक कागदाला हे सगळं पहिल्यापासून. माझ्या पहिल्या पाच आभाळांत निळा पट्टा असा आला की खाली रेल्वेचं फाटक वाटावं. शिकवणारे गृहस्थ प्रत्येक वेळी एकच शब्द बोलायचे: "मिझु." पाणी. कमी म्हणायचं होतं की जास्त, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सहावं जरा बरं आलं.

म्हणजे त्या काळच्या कुठल्याही दोन प्रती घ्या, रेघा सारख्या, पण आभाळ वेगळं. एकात तिन्हीसांज झालेली, दुसऱ्यात अजून तासभर उजेड बाकी.

माझं ते कॅलेंडरवालं चित्र म्हणजे हिरोशिगेच्या तोकाइदो मालिकेतलं 'शोनो'. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ते क्योतो हा सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता, वाटेत ५३ मुक्काम. या रस्त्यावरची हिरोशिगेची पहिली आणि सर्वांत गाजलेली मालिका १८३३-३४ च्या सुमाराची. दोन्ही टोकं धरून ५५ चित्रं. हा माणूस अग्निशमन दलातल्या सामुराई घरातला. तेराव्या वर्षी आई-वडील दोघंही एकाच वर्षात गेले आणि बापाची आग विझवायची नोकरी याच्या गळ्यात पडली. ती करता करता चित्रं शिकला.

मी रोज ज्या गाडीला लोंबकळते तिचं नाव आजही तोकाइदो लाइन. कावासाकी हा वाटेवरचा दुसरा मुक्काम. चित्रात तिथे नदीवर तरीची नाव आहे, माणसं तिच्यात बसून निवांत चाललीयत, लांब फुजी. मी तीच नदी पुलावरून दीड मिनिटात ओलांडते आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी दप्तरामागून.

या चित्रांना निसर्गचित्रं म्हणतात, पण माणसाशिवायचा निसर्ग हिरोशिगेला फारसा सुचत नसावा. 'गोयु' बघा: संध्याकाळ, आणि सरायांच्या बाया वाटसरूंना अक्षरशः गळ्यातल्या गाठोड्याला धरून आत ओढतायत. अलिबागच्या रस्त्यावर "रूम पाहिजे का रूम" म्हणत गाडीसमोर उभे राहणारे आठवले. 'मारिको'मध्ये दोन जण टपरीत बसून तोरोरो ओरपतायत, म्हणजे किसलेल्या रानकंदाचं बुळबुळीत सार. मारिकोला ते आजही मिळतं. मी खाल्लं. एकदा पुरे.

पण सगळ्यांत लाडकं चित्र याच्या तेवीस-चोवीस वर्षांनंतरचं, हिरोशिगेच्याच 'एदोची शंभर दृश्यं' या मालिकेतलं, १८५७ चं. सुमिदा नदीवरचा लाकडी पूल आणि अचानक आलेली सर. चित्राच्या नावातला शब्द आहे 'युदाची', उन्हाळ्यात संध्याकाळी एकाएकी कोसळणारा पाऊस. आपला वळीवच की! वर काळं आभाळ, तेही बोकाशीचंच. पावसाच्या रेघा सगळ्या एका कोनात नाहीत, दोन किंचित वेगळ्या कलांनी एकमेकींना छेदत जातात, त्यामुळे वाऱ्याचा झपाटा जाणवतो. पुलावर माणसं चटईखाली, छत्रीखाली, टोपीखाली वाकून पळतायत. एकाचाही चेहरा धड दिसत नाही. पुढच्या वर्षी, १८५८ मध्ये, हिरोशिगे गेला. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने हेच चित्र तैलरंगात उतरवलं. रंग झकास आहेत, पण पाऊस जमलेला नाही असं माझं मत. ब्रशने काढलेला पाऊस पडतो, कोरलेला टोचतो.

एवढंच. फोटो चढवायचा प्रयत्न करतेय, जमलं तर प्रतिसादात देईन.

अनुस्वार

झकास! वाखुसा (वाचनखूण साठवली). रेल्वेचं फाटक वाचून फुटले. एक प्रश्न: ती प्रसिद्ध लाट आहे ना, टी-शर्टवर असते ती, तीपण अशीच छापलेली का? आणि ती त्सुनामी आहे ना?

शाईवाला

ताई, लेख आवडला. आमची चाळीस वर्षं छपाईत गेली. आधी खिळे, मग ऑफसेट. त्या ठिपक्यांच्या बाबतीत तुमच्या आजींना नमस्कार सांगा. आम्ही भिंग खिशात पेनाच्या शेजारीच ठेवायचो.

मला एक सांगा, रजिस्टर, म्हणजे रंगावर नेमका रंग, कसं जुळवायचे? चार रंगांच्या ऑफसेटला मशिनवर माणूस लावून रंग रंगावर बसवताना आमचा जीव जायचा. अर्धा मिलिमीटर हलला की चेहऱ्याला दोन ओठ. इथे तर ओला कागद, म्हणजे तो फुगणार. दहा-पंधरा ठसे, आणि मशिन नाही. हे कसं जमवलं?

आगाऊ

थोडा विरोधी सूर. चार माणसं मिळून माल काढतात, शेकड्याने छापतात, रस्त्यावर विकतात. याला आपण कला म्हणायचं ते व्हॅन गॉगने कौतुक केलं म्हणून का? जपान्यांना स्वतःला तरी तेव्हा यात काही वाटत होतं का? आणि ती लाट. मोबाइलचं कव्हर, मग, मोजे, शॉवरचा पडदा. मला आता बघवत नाही.

तिरपी_सर

@शाईवाला, काका, तुम्ही नेमकी जागा पकडलीत. प्रत्येक ठशाच्या कडेला लाकडातच दोन खाचा कोरलेल्या असतात. एक कोपऱ्यात काटकोनाची, दुसरी त्याच कडेला थोड्या अंतरावर सरळ. यांना केन्तो म्हणतात. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत आणि कड दुसरीत टेकवायची, मग कागद सोडायचा. सगळ्या ठशांवर त्या खाचा त्याच जागी. कागद फुगतो हे खरंच, म्हणून सगळी छपाई होईपर्यंत गठ्ठा सारखाच दमट ठेवतात, वाळू देत नाहीत. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, लांब तंतूंचा, त्यावर सरस आणि तुरटीचा हात दिलेला. म्हणून इतकं घासूनही फाटत नाही. तरी जुन्या प्रतींत रंग रेघेबाहेर गेलेला दिसतोच. मला तशा प्रती जास्त आवडतात, पण हे शिकवणाऱ्या गृहस्थांना सांगायची हिंमत झाली नाही.

@अनुस्वार, हो, लाटही तशीच. हिरोशिगेच्याच काळातल्या होकुसाई या चित्रकाराची, 'फुजीची ३६ दृश्यं' या मालिकेतली, साधारण १८३१ ची. मालिका इतकी खपली की प्रकाशकाने आणखी १० काढून घेतली, म्हणजे ३६ दृश्यांची चित्रं आहेत ४६! होकुसाई तेव्हा सत्तरी ओलांडलेला. त्सुनामी नाही. भर समुद्रातली उसळलेली लाट आहे, आणि खालच्या तीन होड्या मासळी घेऊन बाजाराला पळणाऱ्या वेगवान होड्या. वल्हेकरी कसे होडीला चिकटून वाकलेत ते बघा. बहुतेकांना होड्या दिसतच नाहीत. मलाही दिसल्या नव्हत्या.

आता तुमच्या कपाटातल्या रंगपेटीत असेल असा एक रंग: प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघाताने सापडला, जपान्यांनी त्याला 'बेरो-आई' म्हटलं, बर्लिनचा निळा. त्याआधी त्यांच्याकडे नीळ होती आणि एका रानफुलाचा निळा होता. फुलाचा निळा उन्हाने, दमटपणाने उडून मातकट व्हायचा. हा नवा रंग गडद आणि टिकाऊ, पाण्यात कितीही पातळ केला तरी निळेपणा सोडत नाही. म्हणजे बोकाशीसाठी देवाने धाडलेला. १८३० च्या आसपास तो परवडू लागला आणि लगेच पाणी-आभाळाच्या चित्रांची लाट आली. शब्द ओघात आला, माफ करा. होकुसाईच्या त्या चित्रात बाह्यरेषासुद्धा काळी नाही, निळी आहे. मोज्यावर हे कळत नाही.

@आगाऊ, तुमचा प्रश्न फेटाळणार नाही. तेव्हा एका चित्राची किंमत साधारण सोबा नूडल्सच्या वाडग्याच्या आगेमागे होती. माल तर होताच. गावी जाताना लोक शहराची आठवण म्हणून न्यायचे, पंखे आणि पडदे यांवर चिकटवायचे, फाटलं की फेकायचे. शोनोच्या पहिल्या आवृत्तीत तर छत्रीवर प्रकाशकाचं नाव 'ताकेनोउची' आणि मालिकेचं नाव छापलंय. मुसळधार पावसात जाहिरात! पुढच्या आवृत्त्यांत ती काढली. आता यामुळे पाऊस कमी ओला होतो का, ते तुम्ही सांगा.

आगाऊ

छत्रीवर जाहिरात? मग मी सपशेल माघार घेतो. हा तर आपलाच माणूस निघाला.

कसबेकर

धागा वाचून आजोळची माजघराची भिंत आठवली. लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला, तिघी एका ओळीत, रविवर्म्याच्या. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे तत्त्व तेच. फरक एवढाच की आपल्याकडे छापून आले ते देव, आणि देव कोणी फेकत नाही. आजोळच्या लक्ष्मीला निम्म्या चेहऱ्यावर ओल आली तरी ती भिंतीवरच होती. आपल्याकडे त्या काळात नुसता पाऊस, नुसता घाट छापून विकायचं कोणाच्या मनात आलं नसावं. की घेतलाच नसता कोणी?

बॉस्टनकर

इथल्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये जपानी ठसाचित्रांचा प्रचंड साठा आहे, पन्नास हजारांच्या वर. त्यातली एक गोष्ट या धाग्यात बसते. स्पॉल्डिंग नावाच्या दोघा भावांनी १९२१ मध्ये सुमारे साडेसहा हजार चित्रं म्युझियमला दिली, अट एकच: कधीही भिंतीवर लावायची नाहीत. उजेडाने रंग उडतात म्हणून. ती अट आजही पाळतात. त्यामुळे त्या रानफुलाचा निळा आणि करडईच्या फुलांचा गुलाबी तिथल्या प्रतींत अजून जिवंत आहे. आता सगळा संग्रह स्कॅन करून संकेतस्थळावर टाकलाय, घरबसल्या बघता येतो.

मी एकाच चित्राच्या दोन प्रती पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, अंधारातली आणि उजेडातली. आपण ज्याला 'जुन्या जपानी चित्रांचे शांत, मातकट रंग' म्हणून दाद देतो ते पुष्कळदा नुसते उडालेले रंग असतात. मूळ चित्रं चांगली भडक होती.

तिरपी_सर

@बॉस्टनकर, हे माहीत नव्हतं! कालपासून तेच बघत बसलेय, भात दोनदा लागला.

अनुस्वार

उन्हात लावायचं नाही, भिंतीवर लावायचं नाही, मग घ्यायचं कशाला? (प्रामाणिक प्रश्न. नवऱ्याने विचारलाय.)

डोंगरभाऊ

सुंदर धागा. हिरोशिगे-होकुसाईच्या पुढचं थोडं लिहितो, कारण माझा माणूस त्या पुढच्या पिढीतला आहे: योशिदा हिरोशी (१८७६-१९५०). आधी तैलरंग आणि जलरंगवाला, चाळिशी उलटल्यावर ठशांकडे वळला. आणि पक्का डोंगरवेडा. जपानी आल्प्समध्ये मुक्काम ठोकून राहायचा, पहाटेच्या उजेडासाठी थांबायचा. डोंगरावर पहाटे चारला उठून कुडकुडत बसलेल्या माणसाला त्याची चित्रं बघताक्षणी पटतात, कारण कड्यावर आधी वरच्या टोकाला गुलाबी येतो आणि दरी अजून जांभळीच असते, ते त्याने बरोब्बर पकडलंय.

त्याने जुनी पद्धत थोडी मोडली. प्रकाशक स्वतःच झाला, कोरणारे आणि छापणारे पदरी ठेवले, आणि स्वतःही कोरायला-छापायला शिकला, म्हणजे कामगारांना नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं. ज्या प्रतींवर त्याने जातीने लक्ष घातलं त्यांच्या समासात 'जिझुरी' असा शिक्का. निक्कोच्या देवळाच्या दरवाजाचं त्याचं एक चित्र आहे, त्याला ९६ वेळा कागद ठशावर ठेवलाय. शाईवाले काका, ९६!

आणि एक भारी युक्ती. शिडाच्या होड्यांचे तेच ठसे, रंग बदलून: सकाळ, दुपार, धुकं, रात्र. १९३०-३१ च्या हिवाळ्यात मुलाला घेऊन भारतात आला, ताजमहालावरही हाच प्रयोग केला. चांदण्यातला ताज, सकाळच्या धुक्यातला ताज. उदयपूर, सांची, बनारसचे घाट, दार्जिलिंगहून कांचनजंगा, सगळं आहे. आपल्या ओळखीच्या जागा त्या जपानी निळ्यात बघताना मजा वाटते. ताजमहाल मी फोटोंत हजारदा पाहिला असेल, पण धुक्यात तो जवळजवळ नाहीसा होऊ देण्याचं धाडस मला तिथेच दिसलं.

मोहर

हासुई राहिला ना! कावासे हासुई (१८८३-१९५७). बर्फ म्हणजे हासुई. त्याचा प्रकाशक वातानाबे शोझाबुरो. ठशांचा धंदा फोटो आणि लिथोग्राफीने (दगडावरच्या छपाईने) बसवला होता, तो याने चित्रकार-कोरणारा-छापणारा ही जुनी तिकटी जमवून पुन्हा उभा केला. 'नवी चित्रं' या अर्थी त्यांना शिन-हांगा म्हणतात.

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वातानाबेचं दुकान गेलं, ठसे गेले, छापलेला माल गेला. हासुईचं घरही गेलं आणि त्यासोबत सगळ्या रेखाटनवह्या. तो उठला आणि लांबच्या दौऱ्यावर निघाला, नव्या वह्या भरायला. दोन वर्षांनी त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र आलं: झोजोजी देवळाचा लाल दरवाजा, बर्फ, आणि वाऱ्याला छत्री आडवी धरून चाललेली एकटी बाई.

बर्फ कसा दाखवतात ते बघा. पांढरा रंग लावतच नाहीत. तो कोरा कागद. आजूबाजूचं सगळं छापायचं आणि बर्फाची जागा सोडायची. कधी तर बिनरंगाचा ठसा दाबून नुसता उठाव आणतात. तिरपा उजेड पडला की दिसतो, स्कॅनमध्ये दिसत नाही. अनुस्वार, नवऱ्याला हे सांगा. हातात धरून तिरकं करून बघायची वस्तू आहे ती, भिंतीवर लावायची नाही.

घ्यायचंच असेल तर तोक्योत जिंबोचो भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ठसाचित्रंही मिळतात. हिरोशिगेची जुनी प्रत परवडणार नाही, पण तेच चित्र नव्याने लाकडात कोरून हाताने छापलेलं परवडतं, आणि दुकानदार स्पष्ट सांगतात की नवं कोरलेलं आहे. पाठ बघा, भिंग लावा. जुन्या प्रतींवर १७९० नंतर सरकारी तपासणीचा शिक्काही असतो, पण शिक्काही नव्याने कोरता येतोच, त्यामुळे एकट्या शिक्क्यावर जाऊ नका.

कोकणस्थ_मासा

हिरोशिगेच्या तोकाइदोतलं रात्रीच्या बर्फाचं एक चित्र आहे ना, 'कांबारा'? तीन माणसं, गुडघाभर बर्फ. माझा मित्र शिझुओकाला असतो, तो म्हणतो कांबारा समुद्रकाठी आहे, हवा उबदार, तिथे असा बर्फ पडतच नाही. मग हा काय प्रकार? म्हणजे रत्नागिरीत गारठ्याने माणसं काकडतायत असं चित्र काढण्यापैकी झालं.

तिरपी_सर

@कोकणस्थ_मासा, अगदी बरोबर आहे तुमचा मित्र. त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. हिरोशिगे १८३२ मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, घोड्यांच्या नजराण्याबरोबर क्योतोला गेला होता, तेव्हा हे सगळं पाहिलं, अशी जुनी कथा. पण तो रस्ताभर गेलाच नव्हता, आधीच्या प्रवासवर्णनांतली चित्रं पाहून त्याने बरंच रचलं, असंही म्हणणारे आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूला. ५५ चित्रांत सारखं ऊन ठेवलं तर कोण घेईल? कुठे पाऊस, कुठे धुकं, कुठे बर्फ पाहिजेच. कांबाराच्या वाट्याला बर्फ आला. आणि आता गंमत बघा, लोक कांबाराला ते बर्फाचं चित्र कुठे काढलं ती जागा बघायला जातात.

त्या चित्राच्याही दोन तऱ्हा आहेत. काही प्रतींत आभाळाचा काळा वरून खाली विरत येतो, काहींत उलटा, खालून वर. ठसे तेच, पण पहिल्यात बर्फ अजून पडणार असं वाटतं आणि दुसऱ्यात आभाळ मोकळं होत चाललंय असं. हे हिरोशिगेने ठरवलं, प्रकाशकाने सांगितलं की छापणाऱ्याला त्या दिवशी तसं वाटलं, देव जाणे.

@अनुस्वार, माझ्याकडे आता एक आहे. नवं कोरलेलं, पुलावरच्या पावसाचं. कपाटात खणात ठेवते, आठवड्यातून एकदा काढून बघते. नवरा विचारतो, "आज दर्शन झालं का?"

शाईवाला

ताई, शेवटचं एक विचारतो. त्या शोनोच्या पावसाच्या रेघा ज्याने कोरल्या त्याचं नाव कुठे मिळतं का? चित्रकाराची सही आहे, प्रकाशक तर छत्रीवर जाऊन बसला.

तिरपी_सर

काका, त्या चित्रावर नाही. काही चित्रांच्या कडेला कोरणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असतं, नंतरच्या काळात जरा जास्त, पण बहुतेकांवर नसतंच. पद्धत अशी होती की चेहरे, केस असलं नाजूक काम मुख्य कारागीर करायचा, आणि बाकीची जागा मोकळी करायचं काम शिकाऊ पोरं. दहा-दहा वर्षं उमेदवारी. पाऊस कोणाच्या वाट्याला यायचा, ते कुठे वाचायला मिळालं नाही.

शाईवाला

उत्तर मिळालं, धन्यवाद. आमचा छापखाना मोडला तेव्हा मी एक जुना लाकडी ब्लॉक घरी आणला होता. कुठल्याशा पंचांगासाठी केलेला असावा, झाडाखाली बसलेली गाय आहे. तीस वर्षं टीव्हीखाली पडून होता. काल रात्री तुमचा धागा वाचून काढला, पुसला. गाईच्या अंगावरच्या सावलीच्या रेघा भिंगातून मोजल्या, एका इंचात बावीस भरल्या. मग ब्लॉक उलटा केला, कडा पाहिल्या, चारही. मागे पेन्सिलीने फक्त कपाटाचा खण लिहिलाय. 'डावे, ३'.